भिंतीआधीची निशाणं

डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली पोरगी जिना चढून वर आली, तेव्हा वहिनी कोरड्या नळाला शिव्या घालत होत्या.

"जगभरातली माणसं आपल्याकडे पोहायला येणार, म्हणून आपण अंघोळ करायची नाही," त्या भाऊजींना सांगत होत्या. "तलाव भरलेच पाहिजेत. माणसं काय, वाळली तरी चालतात."

खरंच होतं ते. शहर महिनाभर नवरीसारखं नटवणं चाललं होतं. मोडक्या भिंतींवर पोहणाऱ्या बाया रंगवल्या होत्या. रंगवता येणार नाहीत अशा वस्त्या हिरव्या कापडाआड झाकल्या होत्या, आणि झाकता येणार नाहीत अशा पाडल्या होत्या.

वहिनींचं ऑफिस लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. दारावर पाटी, 'खासगी चौकशी'. खोलीत कायम इस्त्रीची ऊब आणि ओल्या कपड्यांचा वास. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. स्पर्धेसाठी निम्मे रस्ते बंद, म्हणून शिकवणी बंद, म्हणून दिवसभर मुक्काम वहिनींच्या खुर्चीसमोर.

पोरगी उभीच राहिली. उंच, खांदे रुंद, केस पाण्याने पिवळट झालेले.

"ओळखलं तुला," वहिनी म्हणाल्या. "पाठीवर पोहणारी. परवा सरावात भिंतीवर आपटलीस. बस. लागलं किती?"

"टाके पडलेत. आत काही नाही. डॉक्टर म्हणाले, शर्यतीपर्यंत टोपी घालून पोहता येईल. पण समिती पोहू देत नाही. म्हणतात, पोरगी घाबरली, भान सुटलं. आज संध्याकाळी बैठक आहे. माझी जागा राखीव मुलीला देणार." तिने ओठ चावला. "आणि काल जाळीकाकांना चौकीवर नेऊन बसवलंय. ते आमच्या जुन्या तलावाचे राखणदार. पानं काढायची जाळी कायम हातात, म्हणून जाळीकाका. त्यांचं घर यांनी पार्किंगसाठी पाडलं, तर म्हणे सूड म्हणून त्यांनीच काहीतरी केलं."

"तुला काय हवंय?"

"काका सुटायला हवेत. आणि मला पोहायचंय. अंतिम फेरी गाठली तर परदेशातला एक क्लब मला नेणार आहे. तिथेच राहणं, तिथेच शिकणं."

"जायचंय?"

"हो." उत्तर इतक्या झटक्यात आलं की तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. "कळायला लागल्यापासून त्याच दोन भिंतींमध्ये ये-जा करतेय, मावशी. एकदा तरी जिथे मला कुणी ओळखत नाही अशा पाण्यात उतरायचंय."

वहिनींनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही?"

"कशी दिसणार? डोळे आभाळात. म्हणून भिंतीच्या अलीकडे तलावावर आडवा दोर बांधतात, त्याला छोटी निशाणं. निशाणं डोक्यावरून गेली की आपले ठरलेले हात मोजायचे आणि उलटं व्हायचं. मी मोजले. पाच. पाचवा हात पडायच्या आत भिंत डोक्यात."

"एखादा हात जास्त झाला असेल," भाऊजी म्हणाले.

पोरीने त्यांच्या शर्टावरचं ड्रायव्हिंग स्कूलचं नाव वाचलं. "काका, तुम्ही ब्रेक समजून चुकून हॉर्न दाबता का?"

वहिनी हसल्या.

"बाबाही तेच म्हणतात," पोरीचा आवाज खाली आला. "बाबाच माझे प्रशिक्षक. म्हणतात, हल्ली भीतीने तुझा हात आखडतोय. असेल. पण मी पाचच मोजले."

---

जुना तलाव उघड्यावरचा. कडेची फरशी फुटकी, कपडे बदलायच्या खोल्यांना दारं नव्याने लावलेली, त्यावर परदेशी पाहुण्यांसाठी चित्रं. परदेशी संघांना सरावासाठी तलाव कमी पडले, तेव्हा कुठे शहराला हा तलाव आठवला होता.

गळ्यात पास अडकवलेले समितीचे सचिव वैतागूनच पुढे आले.

"बाई, दोर जागच्या जागी आहे. अपघातानंतर मी स्वतः टेप लावून पाहिलं. नियमानुसार, बोटभरसुद्धा फरक नाही."

दोर दोन खांबांना बांधला होता. खांब सिमेंट भरलेल्या लोखंडी पिंपांत रोवलेले, तलावाच्या दोन्ही काठांना. पिंपाच्या बुडाशी निळ्या रंगाचा पट्टा, अर्धा पिंपावर, अर्धा फरशीवर.

"हा रंग?"

"आंतरराष्ट्रीय मोजणी पथकाचा. अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारी ते सगळे सराव तलाव तपासून गेले. तपासला की खूण करतात."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"कुणी नाही. पास नसलेल्यांना बाहेर काढलं होतं. त्या राखणदारालासुद्धा. खेळाडू, प्रशिक्षक सगळे उद्घाटनाच्या तालमीला. मीही तिथेच."

वहिनी गुडघा धरून कशाबशा खाली बसल्या आणि रंगावरून नख फिरवलं. पट्टा सलग होता. पिंप आणि फरशीच्या मधल्या फटीत रंग ओघळून तसाच सुकला होता, कुठे तडा नाही.

"म्हणजे रंग लागल्यापासून पिंप हललेलं नाही," भाऊजी विजयाने म्हणाले. "रात्री कुणी दोर सरकवला असता तर हा रंग तुटला असता. वहिनी, पोरीचीच चूक. चला."

"थांबा, मास्तर."

भाऊजी थांबले. थांबले की त्यांना काहीतरी बोलावंच लागे. "फरशीची काय वाट लावलीय या पिंपांनी! एक गंजका गोल पिंपाखाली, दुसरा इथे, ढांगभर अलीकडे. टेबलावर कप ठेवून ठेवून डाग पडतात ना, तसं."

वहिनींनी तो दुसरा गोल चपलेने घासून पाहिला. भगवट, फिका. पण गेला नाही. पिंपाखालचा गोल काळपट, वर्षानुवर्षांचा. दुसरा गोल भिंतीपासून लांब, तलावाच्या मध्याच्या बाजूला होता. पलीकडच्या काठावर, आणि तलावाच्या दुसऱ्या टोकालाही, तशीच जोडी.

"या तलावावर याआधी मोजणी कधी झाली होती?" त्यांनी सचिवांना विचारलं.

सचिव हसले. "या? या तलावावर कोण कशाला येतंय मोजायला?"

---

राखीव मुलगी खेळाडूंच्या वसतिगृहात भेटली. बुटकी, चुणचुणीत, आणि तोंडाला फाटक नाही.

"या, माझ्यावरच संशय ना? सगळ्यांचाच आहे. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी कुणी बसत नाही. बरंय, दोन माणसांचं जेवते."

"तुझा फायदा आहे," वहिनी म्हणाल्या.

"आहेच की. मला नकोय का पोहायला? पण अशी मिळालेली जागा म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणं." तिने नाक उडवलं. "आणि मी पोहून काय दिवे लावणार? तिची उंची बघा, माझी बघा. निशाणांपासून भिंतीपर्यंत ती चार हातांत जाते, मला पाच लागतात. वर्षानुवर्षं स्पर्धांमध्ये शेजारच्या रांगेत पोहतोय, चांगलं माहितीय मला."

"जुन्या तलावात जातेस कधी?"

"छे. त्यांचा घरचा तलाव तो. स्पर्धेच्या तयारीत एकदाच गेले होते, त्याला बरेच आठवडे झाले. आणि फजिती! मोजून उलटी झाले, पाय मारायला गेले तर भिंतच नाही. मधेच तरंगतेय बेडकासारखी. तिचे बाबा काठावर उभे होते. म्हटलं, सर, माझं काय चुकलं? काही बोललेच नाहीत. नाहीतर एरवी करंगळी वाकडी झाली तरी ओरडतात."

भाऊजी जिना उतरताना म्हणाले, "पोरगी निर्दोष आहे. इतकं बोलणारा माणूस गुन्हा करूच शकत नाही, वेळच मिळत नाही."

---

चौकीत जाळीकाका बाकावर बसले होते. हातात जाळी नव्हती, म्हणून हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"मीच केलं," वहिनींनी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले. "घर पाडलं माझं. राग होता. आदल्या रात्री दोर भिंतीजवळ ओढला. आणि ती आपटल्यावर परत जागेवर नेला."

"म्हणजे पिंप सरकवलंत?"

"सरकवलं."

"राग त्यांच्यावर, आणि मारलंत त्या पोरीला?"

म्हाताऱ्याचा चेहरा पिळवटला. "असं का बोलता, ताई. खांद्यावर घेऊन फिरवलीय तिला मी. पाण्याला भ्यायची आधी."

"घर गेल्यावर राहता कुठे?"

"सरांनी, तिच्या बाबांनी, कपडे बदलायच्या एका खोलीत जागा दिली. समितीला न विचारता. त्यांनी नसती दिली तर..." त्यांनी मान फिरवली. "मीच केलं. लिहून घ्या आणि पोरीला पोहू द्या."

---

पोरीच्या बापाचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मधोमध नवी कोरी चाकांची बॅग. ती ओलांडूनच आत जावं लागत होतं.

"मीच आणली," बाप म्हणाला. बारीक माणूस, उन्हाने रापलेला, गळ्यात शिटी. "चाक कुरकुरत होतं, तेल घातलं."

"आनंद आहे म्हणायचा, पोरगी जाणार याचा."

"बापाला आनंदच असतो."

वहिनी खुर्चीवर टेकल्या. भिंतीवर एका बाईचा फोटो होता, विमानतळाच्या दारात, हात हलवताना. "हिची आई?"

"नोकरीला गेली बाहेर. दोन वर्षांसाठी म्हणून."

"मग?"

"तिकडची दोन वर्षं लांब असतात," तो म्हणाला. "आधी रोज फोन. मग रविवारी. मग पोरीच्या वाढदिवसाला. शेवटी शेवटी आम्ही दोघं फोनवर हवापाणी बोलायचो. तिकडे थंडी आहे का, इकडे ऊन आहे. आता तेही नाही."

भाऊजींनी उगाच बॅगेची मूठ वरखाली केली.

"तिचा हात आखडतोय असं तुम्ही तिला सांगितलंत," वहिनी म्हणाल्या.

"प्रशिक्षक आहे. दिसतं मला."

"तिचे हात मोजता?"

"झोपेतसुद्धा. बाहेर तिच्या चपला वाजल्या तरी मोजतो."

"अपघाताच्या वेळी कुठे होतात?"

"काठावर. ओरडलो, पण कान पाण्यात असतात." एवढं बोलून तो उठला आणि खिडकी बंद करायला गेला. खिडकी बंदच होती.

---

बैठकीआधी वहिनींनी सगळ्यांना जुन्या तलावावर बोलावलं. सचिव घड्याळ बघत आले. पोरगी आली, बाप आला, राखीव मुलगी आपणहून आली. जाळीकाकांना चौकीवरचा शिपाई घेऊन आला. ऊन कलत होतं आणि निशाणं वाऱ्यावर फडफडत होती.

"आधी काकांचं," वहिनी म्हणाल्या. "काका म्हणतात, मी आदल्या रात्री पिंप सरकवलं आणि परत ठेवलं. खोटं. हा निळा रंग त्याआधी दुपारीच लागला आणि अजून अखंड आहे. काकांना रंग कधी लागला याचा पत्ताच नाही, कारण त्यांना बाहेर हाकललं होतं. शिपाईदादा, यांना सोडा."

"मग मी म्हणतो तेच," सचिव म्हणाले. "दोर बरोबर होता. चूक पोरीची."

"दोर बरोबर होता म्हणूनच ती आपटली."

कुणालाच काही कळलं नाही. भाऊजींना तर मुळीच नाही.

"ही म्हणाली, मी पाच हात मोजले. आणि ही," वहिनींनी राखीव मुलीकडे बोट केलं, "म्हणाली, ती चार हातांत जाते. दोघी खोटं बोलत नाहीत. म्हणजे मधे कधीतरी हिचे चाराचे पाच झाले. का झाले, बाळ?"

पोरगी आठवू लागली. "मी... भिंतीआधीच उलटी व्हायला लागले होते. पाय पोचेनात. बाबा म्हणाले, हात आखडतोय, एक वाढव."

"मीपण!" राखीव मुलगी ओरडली. "बेडकासारखी!"

"तूपण. पण तुझा हात आखडला नव्हता. भिंत लांब गेली नव्हती. निशाणं लांब गेली होती." वहिनींनी चपलेच्या टोकाने फरशीवरचा फिका गोल दाखवला. "आमच्या मास्तरांच्या भाषेत, दुसऱ्या कपाचा डाग. गंज एका रात्रीत फरशीत उतरत नाही. पिंपं कित्येक आठवडे इथे उभी होती. निशाणांपासून भिंत ढांगभर जास्त लांब. पोरगी बिचारी पाच हातांची सवय करून बसली. मग मोजणी पथक आलं, दोर नियमाप्रमाणे परत मूळ जागी नेला, रंग फासला आणि गेलं. पथकाने चूक नाही केली. पहाटे ही उतरली, डोळे आभाळात, सवयीने पाच मोजले. भिंत मात्र चारावरच होती."

सचिवांनी घशातल्या घशात काहीतरी म्हटलं.

"मग पिंपं लांब कुणी नेली?" भाऊजींनी विचारलं.

"तेच. मला वेळ त्यात लागला नाही, कारण दिशाच सगळं सांगते. दावा साधणारा माणूस दोर भिंतीकडे सरकवेल, डोकं फुटावं म्हणून. काकांनी खोटं सांगतानासुद्धा तसंच सांगितलं. पण इथे दोर भिंतीपासून दूर नेलाय. त्याने पोरीला खरचटतसुद्धा नाही. फक्त वळण चुकतं, वेळ जातो, मन खचतं. तिने हरावं, पण तिला लागू नये. असं कोण करतं? ज्याचा तिच्यावर जीव आहे, तोच."

वारा पडला. निशाणं लोंबकळली.

"आणि असा माणूस, जो चपलांचा आवाजसुद्धा मोजतो, त्याला चाराचे पाच झालेले कळले नाहीत? राखीव पोरीने विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. पोरीने विचारलं तेव्हा तिचाच हात आखडतो म्हणाला. एकच गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. या तलावाकडे कधी कुत्रं फिरकलं नाही. खोल्यांचं गळतं छप्पर सांगा, फुटकी फरशी सांगा, कुणी आलं नाही. पाहुण्यांसाठी मात्र कुणी टेप घेऊन येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आणि त्या दुपारी तो पोरीबरोबर तालमीला होता."

जाळीकाका घाईने म्हणाले, "सर कंबर मोकळी करत होते हो. मी पाहिलं होतं एका पहाटे, पिंप ढकलताना. मला म्हणाले, कंबर मोकळी करतोय."

म्हातारा बोलून गेला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला.

बापाने कुणाकडेच पाहिलं नाही. तो पाण्याकडे बघत बोलला.

"परदेशी क्लबची माणसं सराव बघायला येणार होती. त्यांनी दोन-चार चुकलेली वळणं बघितली असती, वह्या मिटल्या असत्या. एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले असते. मला एक वर्ष हवं होतं." त्याने गळ्यातली शिटी मुठीत धरली. "तिला आपटताना मी पाहिलंय. मला काय शिक्षा करायची ती करा, त्यापुढे सगळी फिकीच आहे."

"बाबा," पोरगी म्हणाली. ती रडत नव्हती. तिचा आवाज थरथरत होता आणि तो रागाने थरथरत होता. "मला भित्री ठरवलंत. रोज रात्री मी हात ताणून झोपायचे, आखडतो म्हणून. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, जाऊ नकोस. एकदा विचारायचं तरी होतं!"

"विचारलं असतं तर तू राहिली असतीस," बाप म्हणाला. "म्हणूनच नाही विचारलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ते खरं होतं, आणि तिला ते माहीत होतं.

सचिवांनी पास चाचपला. "समितीला हे सांगावं लागेल. पोरीची जागा राहील. पण सर, तुम्हाला यापुढे कुठल्याच तलावात..."

"पास घ्या," बाप म्हणाला आणि गळ्यातली शिटीही काढून दिली.

---

शर्यतीच्या दिवशी नव्या तलावाभोवतीच्या रस्त्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भाऊजींनी शिकवणीची गाडी कशीबशी मागच्या गल्लीत घातली. वहिनींच्या पायाशीही ब्रेक होता आणि त्या तो सढळ हाताने वापरत होत्या.

"वहिनी, गाडी मी चालवतोय."

"म्हणूनच."

तलावाच्या मागच्या भिंतीशी, रंगवलेल्या पोहणाऱ्या बाईच्या पायांजवळ, पोरीचा बाप उभा होता. सुरक्षारक्षकाने त्याला हटकलं नव्हतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचं कोण काय करणार?

दोघं उतरून त्याच्याजवळ गेले. घरात पोरगी त्याच्याशी बोलतेय का, हे विचारायचं भाऊजींच्या ओठांवर आलं होतं. वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

आतून शिटी वाजली. मग शांतता. मग एकदम हजारो गळे. भिंतीच्या अलीकडे त्या आवाजाला ना तोंड होतं ना शेपूट. नुसता वाढत गेला, फुटला, आणि मग भोंग्यातून अंतिम फेरीत पोचलेल्यांच्या यादीत, परदेशी उच्चारात, मोडकंतोडकं, पण पोरीचं नाव आलं. पुढचं सगळं टाळ्यांत बुडालं.

"पोचली!" भाऊजी उड्याच मारू लागले. "अंतिम फेरीत पोचली! ऐकलंत का, पोचली!"

"हं," बाप म्हणाला. "म्हणजे आता जाणार."

मग त्यानेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आतला आवाज शमला, पुढच्या शर्यतीची नावं पुकारली गेली, गल्लीत एक सायकल घंटी वाजवत निघून गेली, तरी तो त्या भिंतीकडे तोंड करून वाजवतच राहिला.